रुळांवरून आलेले शब्द
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



मी भाषेचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे डब्यांच्या देखभालीचे काम करतो आहे. पण दिवसभर जे इंग्रजी शब्द तोंडात असतात, ते आले कुठून, याची मला पहिल्यापासून उत्सुकता. आपल्या मंडळात दरवर्षी एक तक्रार हमखास ऐकू येते, की मुलांच्या मराठीत इंग्रजीची फार भेसळ झाली. म्हणून म्हटले, या इंग्रजी शब्दांचीच जरा झडती घेऊ.

सुरुवात स्टेशनपासून. आपली आजी ‘ठेसन’ म्हणायची, शुद्ध मराठीवाले ‘स्थानक’ म्हणतात. गंमत अशी, की हे दोन्ही शब्द लांबचे चुलतभाऊ आहेत. स्टेशन आले लॅटिनमधील ‘उभे राहणे’ या अर्थाच्या धातूवरून, आणि तो धातू व आपला संस्कृत ‘स्था’ एकाच मुळाचे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे हे नाते सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात मांडले.

आता ट्रेन. मूळ फ्रेंच अर्थ ओढणे, फरफटत नेणे. राण्यांच्या झग्याचा जमिनीवर लोळणारा घोळ म्हणजे ट्रेन. वेलीला ओढून, वळवून हवा तसा आकार देणे म्हणजेही ट्रेन करणे. त्यावरून माणसाला वळण लावणे, म्हणजे ट्रेनिंग. डब्यांची रांग या शब्दाला मिळाली ती त्यानंतर, एकोणिसाव्या शतकात. कोचचा प्रवास बरोबर उलटा. हंगेरीत कोच नावाचे एक गाव आहे. तिथल्या घोडागाड्या इतक्या नावाजल्या, की गावाचे नावच गाडीला पडले. पुढे १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला थट्टेने कोच म्हणू लागले. आज क्रिकेटचा कोच आणि कोचिंग क्लास दोन्ही त्याच गाडीत बसलेले आहेत.

इंजिन म्हणजे मुळात यंत्र नव्हे, बुद्धी! लॅटिनमध्ये उपजत हुशारीला जो शब्द होता, त्याचे हे रूप. पुढे युक्ती, मग युद्धात वापरायचे यंत्र, आणि शेवटी वाफेचे इंजिन. म्हणजे इंजिनियर हा आधी डोक्याचा माणूस, मग लोखंडाचा. हे आमच्या साहेबांनी विशेष लक्षात ठेवावे. आणि तिकीट व एटिकेट सख्खी भावंडे. दोघांचे मूळ ‘चिकटवलेली चिठ्ठी’. विनातिकीट प्रवास करणाऱ्याला एटिकेट नाही असे म्हटले, तर ते व्युत्पत्तीनेही खरे ठरते.

पण अर्थ बदलला की नेहमी हसण्यावारी नेता येत नाही. ‘बोगी’ घ्या. उत्तर इंग्लंडच्या बोलीत बोगी म्हणजे बुटकी हातगाडी. आमच्या खात्यात बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट. एका डब्याला दोन बोग्या, प्रत्येकीला दोन आस, एकूण आठ चाके. लोकांनी मात्र अख्ख्या डब्यालाच बोगी केले. घरी बोलताना त्याने काही बिघडत नाही. पण रात्री दोन वाजता फोनवर ‘दोन बोग्या घसरल्या’ असा निरोप आला, तर एक डबा की दोन? चार आस की आठ? त्यावरच किती माणसे आणि किती जॅक न्यायचे ते ठरते. म्हणून आम्ही आधी डब्याचा नंबर विचारतो, मग आस मोजायला सांगतो.

काही शब्द माणसाला लागतात. ‘कुली’ हा शब्द तमिळमधील मजुरी या अर्थाच्या ‘कूली’वरून आला असे बहुधा मानतात. मजुरीचा झाला मजूर, आणि इंग्रजांच्या वसाहतींत ती हिंदी माणसाला द्यायची शिवी झाली. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना ‘कुली बॅरिस्टर’ म्हणत. २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी कुलींना ‘सहायक’ म्हणण्याची घोषणा केली. २०२२च्या जानेवारीत गार्डचे पदनाम ‘ट्रेन मॅनेजर’ झाले. कोणी म्हणेल, नावात काय आहे, पगार तोच. पण चारचौघांत आपल्याला काय म्हणून हाक मारतात, हे ज्याला ऐकावे लागते त्यालाच विचारावे.

शब्द आपल्याकडूनही गेले आहेत बरे का. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा आपला मुंगूस आहे. त्याचे इंग्रजीत कुणाचे काही बिघडले नाही, उलट साप पळाले.

तेव्हा मुलांच्या बोलण्यात इंग्रजी शब्द आला म्हणून मी घाबरत नाही. मला काळजी वाटते ती अर्थ न कळता शब्द वापरण्याची, मग तो शब्द इंग्रजी असो वा मराठी. लाइन क्लिअर देताना स्टेशनमास्तर नुसत्या शब्दावर विसंबत नाही, प्रायव्हेट नंबर देतो आणि समोरचा तो लिहून घेतो. बोललेले आणि समजलेले एकच आहे याची ती खूण. घरात नंबर नको, पण मुलाला ‘म्हणजे काय रे?’ एवढे जरूर विचारावे. आणि त्याने आपल्याला विचारले, तर शब्दकोश काढून त्याच्याशेजारी बसावे.

 गणपती बाप्पा मोरया!