ज्वारीच्या दाण्यातला गुंठा

तेलगावच्या सोळंके सहकारी साखर कारखान्यात गळीत हंगाम सुरू झाला की रस आटवून साखर धरणाऱ्या पॅनमनची नजर एकाच गोष्टीवर खिळते: दाणा. आटत आलेल्या रसात बारीक साखरेचं बी सोडायचं, दाणा धरला की तो सारखा वाढू द्यायचा. तापमान चुकलं की मध्येच नवी भुकटी धरते आणि सगळा माल बिघडतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फ्युएल सेलवर काम करणारे शास्त्रज्ञही दाणाच धरतात, पण प्लॅटिनमचा. प्लॅटिनमचा क्षार विरघळवायचा, त्यातून धातू सुटा करायचा आणि काजळीसारख्या कार्बनवर त्याचे कण बसवायचे. कण दोन-तीन नॅनोमीटरचा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

इतकं बारीक कशासाठी? एक ग्रॅम प्लॅटिनम म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा. त्याचेच तीन नॅनोमीटरचे कण केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग भरतो ९० चौरस मीटर. गुंठ्याला थोडाच कमी! वजन तेच, एक ग्रॅम. पृष्ठभाग मात्र जवळजवळ गुंठाभर. रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच घडते. आत दडलेला अणू फुकट जातो, आणि इतका महाग धातू फुकट घालवणं परवडत नाही.

फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन ज्वाळेशिवाय एकत्र येतात, वीज मिळते, मागे पाणी उरतं. विल्यम ग्रोव्हने १८३९ मध्येच हे दाखवलं होतं. हायड्रोजनचं काम झटपट उरकतं, रेंगाळतो तो ऑक्सिजन. पृष्ठभागाने त्याला धरायलाही हवं आणि वेळेवर सोडायलाही हवं. शुद्ध प्लॅटिनम जरा जास्तच घट्ट धरतं. निकेल किंवा कोबाल्ट मिसळलं की पकड सैल होते. २००७ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना प्लॅटिनम-निकेलच्या एका स्फटिकाच्या पृष्ठभागावर ही क्रिया दसपट वेगाने होताना दिसली.

एक सांगायलाच हवं. मोबाइलवर ‘पाण्यावर चालणारी गाडी’ असे संदेश फिरतात. ते कृपा करून पुढे पाठवू नयेत. पाणी हे फ्युएल सेलवरच्या गाडीचं इंधन नव्हे, तो तिचा धूर आहे. हायड्रोजन आधी ऊर्जा खर्चूनच तयार करावा लागतो.

अशी गाडी आता आपल्याकडेही आहे: केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांची हायड्रोजन बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात लोकांसमोर आली. बसमध्ये हे कण टिकायला हवेत. साखरेला ओल लागली की पोत्यात खडे होतात, तसे गाडी चालू-बंद होताना कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा गुंठा आकसत जातो. कार्बनला नायट्रोजनची जोड देऊन त्यांना जागच्या जागी धरून ठेवायची खटपट सध्या चालू आहे.