बाकावरचा सोबती



34 वर्षं खडू हातात धरलेल्या एका शिक्षिकेला तुम्ही महाड-पोलादपूरच्या या शिक्षक संमेलनाचं अध्यक्षपद दिलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. शिक्षकांच्या संमेलनात रिक्त पदं, ऑनलाइन माहिती, अभ्यासक्रम आणि निकाल यांवर बोललं जातं, आणि ते बोललंच पाहिजे. मी आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला सोबती आहे का?

हा प्रश्न महाडमध्ये विचारताना मन चवदार तळ्यापाशी जातं. 1923 साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. 1924 साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पण कुणाची घागर त्यात बुडाली नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या परिषदेतून हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतरही तळ्याच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयाचा अंतिम निकाल यायला 1937 साल उजाडावं लागलं.

त्या परिषदेच्या तयारीत पुढे होते आपल्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे. स्कॉलरशिपची परीक्षा पास होऊनही महाडात इंग्रजी शाळेत शिरण्यासाठी त्यांना लहान वयात झगडावं लागलं, आणि प्रवेश मिळाल्यावरही बसायला वेगळी जागा मिळाली. खुद्द बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. नळाला हात लावायचा नाही, शिपाई पाणी वाढेल तेव्हाच प्यायचं, शिपाई नसला तर तहानलेलं राहायचं. या दोन्ही मुलांची नावं हजेरीपत्रकावर होती. वर्ग मात्र त्यांचा झाला नव्हता.

महाडनं देशाला शिकवलेला धडा मला हाच वाटतो. दार उघडणं आणि आत आलेल्याला आपलं म्हणणं, यांत फार मोठं अंतर असतं. शाळेत ते अंतर रोज मुलंच कापतात किंवा मुलंच वाढवतात. आज वर्गात गोणपाट नाही. पण शेवटचा बाक आहे, डबा खाताना आपोआप पडणारे घोळके आहेत, आणि ज्याच्या शेजारी कुणी बसत नाही असं मूलही आहे.

एक आठवण सांगते. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून एक मुलगी पाचवीला आमच्या शाळेत आली. वाडीच्या शाळेत चौथीला ती एकटीच होती. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या आठवड्यात ती वाचायला उभी राहिली, तेव्हा तिच्या बोलण्यातला हेल ऐकून मागून कुणीतरी हसलं. ती खाली बसली आणि दिवाळीपर्यंत वर्गात तिचा आवाज ऐकू आला नाही. तिची हजेरी पूर्ण होती, वह्या नेटक्या होत्या. मी तिच्या प्रगतिपुस्तकात ‘शांत व गुणी’ असं लिहिलं. माझ्या नोकरीतला हा शेरा मला आजही बोचतो, कारण ती शांत नव्हती, एकटी होती.

दिवाळीनंतर एके दिवशी दुपारची एसटी चुकली. स्टँडच्या पायरीवर तिनं पाच खडे गोळा केले आणि एकटीच सागरगोट्यांसारखे उडवू लागली. एक वर उडायचा, खालचे चार मुठीत यायचे आणि वरचा अलगद तळहातावर झेलला जायचा. वर्गातली एक बडबडी मुलगी बघत उभी होती. ती म्हणाली, ‘मला शिकव ना गं.’ एवढंच. दुसऱ्या दिवशी त्या दोघी एका बाकावर होत्या आणि महिन्याभरात वाडीची ती मुलगी फळ्यापाशी येऊन गणित सोडवू लागली. जे मला सहा महिन्यांत जमलं नव्हतं, ते पाच खड्यांनी केलं.

मित्रहो, बरोबरीची मुलं एकमेकांना जे देतात ते आईबाप किंवा शिक्षक देऊ शकत नाहीत. आपण कितीही प्रेमळ असलो तरी मुलापेक्षा मोठे असतो. आपलं ऐकावं लागतं. बरोबरीच्या मुलाशी भांडता येतं, कट्टी करता येते आणि बट्टीही आपली आपल्यालाच करावी लागते. राज्य कुणावर, कोण आउट, टाइमप्लीज कधी घ्यायचं, याचा निवाडा करताना मूल न्याय शिकतं. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वित्झर्लंडमधल्या मुलांचे गोट्यांचे खेळ पाहून 1932 सालच्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं. न्यायाची समज मोठ्यांच्या आज्ञेपेक्षा बरोबरीच्यांच्या देवाणघेवाणीतून पक्की होते, असं त्यांचं म्हणणं.

आपल्या मुलांनी तर याहून सुंदर गोष्ट शोधून काढली आहे. खेळात धाकटं भावंड आलं की ते ‘कच्चं लिंबू’. ते पळतं, सापडतं, ओरडतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. दुबळ्याला खेळाबाहेर न काढता नियमच थोडा सैल करायचा, हे शहाणपण कुठल्याही परिपत्रकातून आलेलं नाही. मुलांमध्ये ही समज असते. आपण तिला जागा द्यायची असते.

जागा देणं म्हणजे नेमकं काय, हे दिल्लीतल्या एका अभ्यासातून कळतं. 2007 पासून तिथल्या अनेक खासगी शाळांना गरीब घरच्या मुलांसाठी जागा राखाव्या लागल्या. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्याचा परिणाम तपासला. 2019 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली सधन मुलं अधिक उदार झाली होती, आणि शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला डावलण्याचं प्रमाण कमी झालं होतं. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या अक्षरक्रमानं पाडलेले होते. योगायोगानं ज्यांच्या गटात गरीब मूल आलं, त्यांच्यात बदल अधिक दिसला. बरोबर बसून काम केल्यानं मनं बदलतात. म्हणून वर्गातली बसण्याची रचना हा शिस्तीचा विषय समजू नका, तो शिक्षणाचा गाभा आहे.

आठवी-नववीत हीच सोबत दुधारी होते. मित्र काय म्हणतील, याचं वजन आईबापांच्या शब्दाहून जास्त होतं. पहिली गुटख्याची पुडी मित्राच्याच हातून येते, आणि ‘नको, सोड’ म्हणत थांबवणारा हातही मित्राचाच असतो. मोबाइलवरच्या ग्रुपमधून एखाद्याला काढून टाकलं की ते मूल रात्रभर जागं राहतं, आणि सकाळी आपण विचारतो, गृहपाठ का नाही केलास? टोपणनावानं चिडवणं, जातीवरून किंवा बोलीवरून हिणवणं, याला ‘पोरांची मस्करी’ म्हणणं आता आपण थांबवलं पाहिजे.

याच मित्रांची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. जुलै 2021 च्या पावसात तळिये गाव दरडीखाली गेलं, पोलादपुरात साखर-सुतारवाडी आणि केवनाळेवर दरड आली आणि महाडच्या बाजारपेठेत पाणी घुसलं. चिखलातून काढलेली दप्तरं पाहून मोठी माणसं हतबल झाली होती. तेव्हा मुलींनी वर्गमैत्रिणींसाठी विज्ञानाच्या अख्ख्या वह्या हातानं उतरवून काढल्या, आकृत्या रंगवून दिल्या. मदत कशी करावी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता आपल्या तालुक्यांची खास अडचण. आईबाप मुंबईला आणि मूल आजीकडे, हे इथलं जुनं चित्र आहे. मजुरीसाठी गाव सोडणाऱ्या कातकरी कुटुंबांबरोबर मुलंही भट्ट्यांवर जातात आणि दर वर्षी त्यांची मैत्री अर्ध्यावर तुटते. वाडीच्या शाळेत पटावर 7 मुलं, त्यात तिसरीला एकच. 2023 साली शासनानं कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळांचा विचार पुढे आणला. घाटातल्या लेकराला पावसाळ्यात ओढे ओलांडून लांब पाठवायला मी विरोधच करीन. वाडीची शाळा टिकलीच पाहिजे. पण त्या एकट्या तिसरीतल्या मुलाला सवंगडी कुठून मिळणार, या प्रश्नाचं उत्तरही आपणच दिलं पाहिजे. शिक्षकांची केंद्रावर दरमहा शिक्षण परिषद होते. तशीच महिन्यातून एकदा केंद्रातल्या लहान शाळांच्या मुलांना एकत्र आणा. एकाच इयत्तेची मुलं एकत्र खेळू द्या, एकत्र जेवू द्या. पाचवीला ती मोठ्या शाळेत येतील तेव्हा चार ओळखीचे चेहरे तिथे असतील.

शेवटची विनंती. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी 1930 च्या दशकात मुलांना एक साधा प्रश्न विचारला: तुला कुणाशेजारी बसायला आवडेल? सोमवारी आपण तेच करू. प्रत्येक मुलाला गुपचूप दोन नावं लिहायला सांगा. चिठ्ठ्या कुणाला दाखवू नका, वर्गात वाचू नका. घरी जाऊन हजेरीपत्रकाशेजारी ठेवा आणि ज्याचं नाव एकाही चिठ्ठीत आलेलं नाही, ते मूल शोधा. त्याला वेगळं काढून उपदेश करू नका. त्याला काय येतं ते पाहा, आणि ते बघायला एक सोबती त्याच्या शेजारी बसवा.

ज्या गावात पाण्याला सगळ्यांचे हात लागावेत म्हणून लढा झाला, त्या गावातल्या एकाही वर्गात एकही मूल एकटं बसता कामा नये.