शहराच्या हातात काय असते?



व्हिसा कोणाला द्यायचा हे वॉशिंग्टन ठरवते. पण आलेला माणूस राहतो एखाद्या शहरात. त्याची मुले तिथल्या शाळेत जातात. चोरी झाली तर तो तिथल्या पोलिसांना फोन करतो, किंवा घाबरून करत नाही. म्हणून ‘शहराच्या हातात काय आहे?’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

ओहायोतले डेटन घ्या. कारखाने गेले, घरे ओस पडली. २००० ते २०१० या काळात वस्ती सुमारे २५ हजारांनी घटली. २०११ साली तिथल्या सिटी कमिशनने ‘वेलकम डेटन’ योजना मंजूर केली: कचेऱ्यांत भाषेची मदत, छोट्या धंद्यांना आधार. त्याच सुमारास रशियातून आलेल्या अहिस्का तुर्क कुटुंबांनी पडकी घरे घेऊन दुरुस्त केली. पुढच्या दशकात घट सुमारे ४ हजारांवर आली. सगळे श्रेय योजनेचे, असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. पण दिशा दिसते.

न्यू हेवनने जुलै २००७ मध्ये कागदपत्रे नसलेल्यांसह सर्व रहिवाशांना शहराचे ओळखपत्र देऊ केले. ओळखपत्राशिवाय बँकेत खाते नाही, म्हणून मजुरी रोख खिशात, आणि म्हणून लुटारूंचा डोळा नेमका त्यांच्यावर. ‘हे बेकायदेशीरपणाला बक्षीस आहे,’ असे आपल्यातलेही काही जण म्हणतात. पण या कार्डाने ना व्हिसा मिळतो, ना नोकरीचा परवाना. साक्षीदार पोलिसांसमोर यायला घाबरला तर धोका साऱ्या मोहल्ल्याला असतो.

मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कने तर १९९२ सालीच नागरिक नसलेल्या रहिवाशांना शहराच्या निवडणुकीत मताचा हक्क दिला.

आपल्यापैकी बहुतेकांना कंपनीने बोलावून आणले. वकीलही कंपनीचाच होता. त्यामुळे शहराची गरज आपल्याला फारशी जाणवली नाही. ग्रीनकार्डाच्या रांगेबद्दल आपण खासदारांना पत्रे लिहितो, ते योग्यच आहे. पण वर्षानुवर्षे घरपट्टी भरूनही शाळेच्या किंवा रस्त्याच्या प्रश्नावर मत नसणे, ही आपलीही अडचण आहे आणि आपल्या अंगणातले गवत कापणाऱ्याचीही.

तुमच्या शहरात दुभाष्याचा किंवा ओळखपत्राचा प्रस्ताव आला, तर कौन्सिलच्या सभेला जा. तिथे दोन मिनिटे बोलायला सहसा कोणी नागरिकत्व विचारत नाही.