इंचाला सहा टाके

(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'नोकरीखेरीज' हा विषय आणि बारा मिनिटं दिली आहेत. माझ्याआधी सह्याद्रीतले ट्रेक झाले, गच्चीवरची बाग झाली, सायकलवरून पंढरपूर झालं. मी जुनं शिवणयंत्र विकत घेण्याविषयी बोलणार आहे. शिवणाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून जरा जपून.

तुम्हाला आठवत असेल, कार्यानुभवाच्या तासाला मुली शिवणाला आणि मुलं वायरिंगला जायची. आमची नमुन्यांची वही होती. एका पानावर धावदोरा, एका पानावर हेम, मग काज, मग बटण. वर्गात चाळीस मुली आणि मशीन एकच. बाई महिन्यातून एकदा ते मागे कलंडवायच्या आणि पोटात तेल घालायच्या. माझं सगळं लक्ष त्या पोटात असायचं. वरून नुसतं चाक फिरतं, आणि खाली तीन-चार दांडे आपापल्या तालात हलतात. पुढे इंजिनिअरिंगला गेले त्याचं श्रेय सगळे गणिताच्या सरांना देतात. सरांची क्षमा मागून थोडं त्या मशीनलाही देते.

आता मूळ गोष्ट. माझी आई वाकळ शिवते. पुण्यात गोधडी म्हणतात, आपल्याकडे सांगली-कोल्हापूरला वाकळच. आमच्या घरात विकतची चादर पाहुण्यांना आणि वाकळ घरच्यांना, असा नियम होता. गेल्या चार वर्षांत आईची बोटं संधिवातानं आखडली. दाभण धरता येत नाही. आणि ट्रंकेत साड्या पडून: तिच्या स्वतःच्या सुती, माझ्या आजीची दोन लुगडी, मोठ्या मावशीचं एक. वहिनीनं सहज म्हटलं, बोहारणीला देऊन टाकू, दोन पातेली तरी येतील. वहिनीचं तसं काही चुकलं नव्हतं, पण आई त्या दिवशी जेवली नाही. मी तिला म्हटलं, मी मशीनवर शिवते. ती म्हणाली, "मशीनची वाकळ पत्र्यासारखी होते गं. घडी घातली तर उभी राहते."

हा आक्षेप मी ऑफिसातल्या सवयीनं लिहून काढला आणि तपासला. आई बरोबर होती. हाताचा धावदोरा म्हणजे एकच दोरा, खालीवर जाणारा. तो सैल असतो, दोन टाक्यांमध्ये कापड फुगतं, तिथे हवा राहते, तीच ऊब. मशीनला दोरे दोन. नाक टोकाशी असलेली सुई खाली जाते आणि दोन-अडीच मिलिमीटर वर येते. तेवढ्यात तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. शटलचं टोक नेमकं त्या क्षणी तिथे येऊन तो फास उचलतं आणि बॉबिनला वळसा घालून आणतं. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसभर 'थ्रेड' या शब्दावर भांडतो. दोन थ्रेडनी ठरल्या वेळी भेटायचं आणि एकमेकांना अडवायचं नाही, हे काम हे यंत्र मुकाट्यानं करतं. पण टाके बारीक आणि दोरा ताणलेला असेल तर थर दाबले जातात आणि पत्रा होतो. म्हणजे मला हवं होतं असं मशीन, ज्याचा टाका लांब करता येईल, ताण सैल करता येईल, कापडावरचा दाब कमी करता येईल आणि तरीही पाच-सहा थरांतून सुई न अडखळता जाईल. जुन्या काळ्या मशीनला हे सगळं असतं. डोक्यावर एक स्क्रू असतो तो दाबाचा, आणि उजवीकडची दांडी टाक्याच्या लांबीची. नवीन हलकं, बटणांचं मशीनही बघितलं. त्यात चाळीस नक्षीटाके होते. मला एकच टाका हवा होता, आणि घरात आणखी एक सॉफ्टवेअर नको होतं.

इथे थोडा इतिहास, कारण तो मजेशीर आहे. १९२४ साली गांधीजींना विचारलं गेलं की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायको मान मोडून शिवते हे बघवेना म्हणून त्या माणसानं प्रेमापोटी यंत्र काढलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात आयझॅक सिंगर हा मूळचा नाटकातला नट, आणि त्याचे संसार एकाहून अधिक होते. नाक टोकाशी असलेली सुई आणि दोन दोऱ्यांचा अडकणारा टाका यांचं पेटंट एलियास हाउनं १८४६ मध्येच घेतलं होतं. सिंगरचं पेटंट १८५१चं. दोघं कोर्टात गेले आणि सिंगरला हाउला पैसे द्यावे लागले. प्रेम वगैरे असेलही, पण पेटंटची मारामारी नक्की होती.

आपल्याला उपयोगी पडतो तो पुढचा भाग. सिंगरच्या पंधरा नंबरच्या वर्गाची रचना इतकी चालली की जपानमध्ये आणि भारतात तिच्या नकला निघाल्या. आपल्याकडच्या घरगुती काळ्या मशीनपैकी बहुतेकांचं पोट तेच. त्यामुळे बॉबिन, बॉबिनची डबी, सुई, सगळं एकमेकांना चालतं आणि पेठेत कुठेही मिळतं. जुनी वस्तू घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: जे झिजणार आहे ते बदलता येईल का?

तीन महिने मी मशीन बघत हिंडले. रविवारी सकाळी पुण्याचा जुना बाजार, मग ओळखीतल्या ओळखीत कुणाचे तरी माळे. बरोबर एक पिशवी असायची. तिच्यात आईच्या जुन्या साडीचा सहा पदरी तुकडा, नवी सोळा नंबरची सुई, लाल दोऱ्याचं रीळ, पांढऱ्या दोऱ्यानं भरलेलं बॉबिन आणि स्क्रूड्रायव्हर. विकणारे नेहमी स्वतःची कापडाची चिंधी पुढे करतात, पातळ आणि कडक. तिच्यावर कुठलंही मशीन सुरेख शिवतं.

आधी दोरा न ओवता चाक हातानं आपल्या बाजूला फिरवायचं, सावकाश. संपूर्ण घट्ट असेल तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक वेळा ते वाळलेलं तेल असतं. आपल्याकडे केसांना आणि मशीनला एकच तेल घालायची पद्धत आहे. खोबरेल थंडीत गोठतं आणि वर्षानुवर्षं साचून त्याचा डिंक होतो. तो साफ होतो. पण प्रत्येक फेरीत एकाच जागी अडखळत असेल, तर काहीतरी वाकलंय. मग सुईचा दांडा चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवायचा. तो खुळखुळत असेल तर नमस्कार करून निघायचं. खालच्या दातांवरून नख फिरवायचं. दात बोथट असतील तर सहा थर पुढे सरकणार नाहीत. सुईच्या भोकाभोवती ओरखडे असतील तर सुया तिथे आपटून मोडल्या आहेत, म्हणून शटलचं टोकही बघायचं. शेवटी वर लाल, खाली पांढरा दोरा लावून आपल्याच तुकड्यावर शिवायचं. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले किंवा खाली लाल, तर ताण बिघडलेला. स्क्रू फिरवून तो जागेवर आला तर ठीक, फिरवूनही काही फरक पडत नसेल तर चकत्या किंवा स्प्रिंग गेलेली.

एका दुकानात एक मशीन होतं, काळंभोर, सोनेरी वेलबुट्टी, मोठ्या कंपनीचं नाव. दुकानदारानं किंमत सांगितली नऊ हजार आणि वर, "ताई, विलायती आहे, साठ वर्षं काही होणार नाही." ओळखायची एक खूण आहे. विलायती सिंगरच्या बैठकीवर क्रमांक ठोकलेला असतो, आणि त्याच्या आधी इंग्रजी 'ई' आणि आणखी एक अक्षर असेल तर ते बहुधा स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. या मशीनवर क्रमांकाच्या जागी ताज्या रंगाचा जाड थर होता. मी नखानं खरवडलं तर दुकानदाराला राग आला. खाली क्रमांक नव्हताच. वेलबुट्टी गेल्या वर्षीची, सुईचा दांडा मात्र पुरेसा म्हातारा.

घेतलं ते उषा. १९३०च्या दशकात कलकत्त्यात सुरू झालेल्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचं, लाला श्रीराम यांनी वाढवलेल्या कंपनीचं. रंग उडालेला, नावातला 'यू' पुसलेला. मालक एक निवृत्त शिंपीकाका, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर काम थांबवलेले. मी चाक फिरवू लागले तसे ते बाजूला उभे राहून बघत होते. लाल-पांढरा दोरा काढल्यावर हसले आणि म्हणाले, "तुम्ही घ्या. काल एकजण आला होता, त्याला यावर काच टाकून हॉटेलात टेबल करायचं होतं." स्टँडसकट साडेतीन हजार. पायाच्या फळीचा दांडा थोडा वाजत होता. तो आवाज मी ठेवला आहे. वीज लावली नाही. सहा थर असताना टाक्याटाक्याला थांबता आलं पाहिजे, ते पायानं जमतं.

मशीन सांगलीला आणलं आणि खरी अडचण पुढे आली. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. चार पदर केले की दोन मीटर लांब, वाकळीचं माप आपोआप निघतं. पण सुईपासून मशीनच्या खांबापर्यंत वीतभरही जागा नाही. अर्धी वाकळ गुंडाळून तिथून घालावी लागते. शिवाय दात फक्त खालचा थर ओढतात, वरचा मागे राहतो आणि शेवटाला चुणी येते. आई कडेनं सुरू करून चौकोनात फिरत मध्यापर्यंत येते. हाताला प्रत्येक टाक्याला कापड चाचपता येतं. मशीनवर तसं केलं तर मधे फुगा अडकतो. मशीनला मध्यापासून सुरुवात करून उभ्या ओळींनी बाहेर जावं लागतं. म्हणजे आईची सगळी रीत उलटी.

त्यावर आम्ही दोन दिवस वाद घातला. मग आईनं फरशी पुसून घेतली आणि थर मांडायला बसली. हे काम मला येत नव्हतं आणि येतं असं मला आजही म्हणवत नाही. कुठली साडी किती आटून झाली आहे, कुठली अजून आटेल, हे ती चिमटीत चोळून सांगते. आटायची साडी आटलेल्या साडीला जोडली तर पहिल्या धुण्यात वाकळ वाकडी होते. सगळ्यांचे उभे धागे एका दिशेला. फाटकं मधे, पण दोन भोकं एकावर एक येता कामा नयेत. अंगाकडची बाजू सगळ्यात झिजलेल्या साडीची, कारण ती मऊ. चार कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवून ती मध्यापासून कडेकडे तळहातानं सुरकुती ढकलत जाते. बोटं आखडली आहेत, तळहात चालतो. हे मोजायला माझ्याकडे यंत्र नाही. आई आता शहात्तर वर्षांची आहे. मशीन याच वर्षी का घेतलं, याचं उत्तर एवढंच.

मग मी लांब-लांब कच्चे टाके घालते, आणि त्यानंतर मशीन. इंचाला सहा टाके, ताण सैल, दाबाचा स्क्रू जवळजवळ उघडा, ओळीओळीत चार बोटांचं अंतर. पहिली वाकळ तयार झाली तेव्हा आईनं ती घडी घालून जमिनीवर ठेवली आणि बघत बसली. घडी पडली. उभी राहिली नाही. रात्री ती तीच पांघरून झोपली. सकाळी मी विचारलं तर म्हणाली, "रेघा फार सरळ आल्यात." ही तक्रार होती. तेव्हापासून मी ओळी आखत नाही, डोळ्यानं जाते.

दोन वाकळी झाल्या, एक माझ्या भाचीनं हॉस्टेलला नेली, एक आईकडे. तिसरीचे पाच थर या आठवड्यात मांडलेत. सहावा आजीच्या हिरव्या इरकलीचा, आणि तो अडला आहे. सुती वाकळीतून टाका उसवला तर भोकं धुण्यात भरून येतात. इरकलीच्या रेशमी पदरातून सुई एकदा गेली की खूण राहते. मी म्हटलं, पदर कापून वेगळा ठेवू. आई म्हणाली, कापलेलं लुगडं कुणाचंच नसतं. मग म्हणाली, आत घाल. संध्याकाळी म्हणाली, थांब. ते अजून ट्रंकेवर घडी घालून आहे.

बाई, तुमच्यासमोर हे सगळं सांगायचं धाडस केलं, तर एक विचारते. पाच सुती थरांवर रेशमी पदर घ्यायचा असेल तर सुई अकरा नंबरची घ्यावी की चौदा? मला अकरा मोडेल असं वाटतं. चहाच्या वेळी मी तुमच्याकडे येते.

आणि बाकीच्यांनो, मी सोमवारपर्यंत गावात आहे. कुणाच्या माळ्यावर मशीन पडून असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी मला बोलवा. पिशवी आणली आहे.