गंध आणि अवधान



1899 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगापासून सुरुवात करतो. अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठात एडविन स्लॉसन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक भरल्या सभागृहासमोर उभे होते. त्यांनी एक बाटली जपून उघडली, तोंड बाजूला वळवून तिच्यातलं द्रव कापसावर ओतलं आणि घड्याळ लावलं. वास हवेत किती वेगानं पसरतो ते पाहायचं आहे, ज्याला वास येईल त्यानं हात वर करावा, असं त्यांनी सांगितलं. पंधरा सेकंदांत पुढच्या रांगांतले बहुतेक हात वर गेले. मिनिटभरात सभागृहातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना वास आला होता. पुढे बसलेल्या काहींना तो इतका असह्य झाला की ते उठून जायच्या बेतात होते, म्हणून प्रयोग आवरता घ्यावा लागला. बाटलीत नुसतं ऊर्ध्वपातित पाणी होतं.

लोक किती भोळे असतात याचा दाखला म्हणून हा किस्सा सांगतात. मला तो त्या श्रोत्यांवर अन्याय वाटतो. त्यांनी प्रामाणिकपणे हात वर केले होते. त्यांचं सगळं चित्त वासाकडे लागलं होतं, आणि चित्त वासाकडे लागलं की मेंदूत खरोखर काहीतरी घडतं. ते काय, हे कळायला आणखी शंभर वर्षं जावी लागली.

वासाचा मार्ग आधी थोडक्यात पाहू. नाकाच्या पोकळीत अगदी वर, छताशी, गंध ओळखणाऱ्या पेशी असतात. माणसात त्यांच्यावरचे गंधग्राही सुमारे 400 प्रकारचे आहेत. या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी 1991 मध्ये शोधली. 2004 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. तिथून संदेश गंधकंदात जातो आणि गंधकंदातून थेट पिरिफॉर्म कॉर्टेक्स या मेंदूच्या सालीतल्या भागात. यातला ‘थेट’ हा शब्द महत्त्वाचा. डोळ्यांचे, कानांचे, त्वचेचे संदेश मेंदूच्या सालीत शिरण्याआधी थॅलॅमसमधून जातात. कशाला आत सोडायचं आणि कशाला थोपवायचं, यात थॅलॅमसचा मोठा हात असतो. वासाच्या वाटेवर सुरुवातीला हा दरवानच नाही. मग वासाच्या बाबतीत लक्ष देण्या-न देण्यानं फरक पडतो तो कुठे?

हे तपासणं सोपं नव्हतं, कारण लक्ष दिलं की आपण हुंगतो. बाजारात आंबा देठापाशी नाकाला लावताना आपला श्वास नेहमीचा राहत नाही, तो जोरकस होतो. शिवाय नोआम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवलं होतं की नुसती निर्गंध हवा हुंगली तरी पिरिफॉर्म जागा होतो. तेव्हा दिसणारा फरक हुंगण्याचा की अवधानाचा, हे वेगळं कसं काढायचं?

2005 मध्ये क्रिस्टिना झेलानो, सोबेल आणि सहकाऱ्यांनी ते वेगळं काढलं. एमआरआय यंत्रात झोपलेली माणसं हुंगत होती. कधी त्यांनी वासाकडे लक्ष द्यायचं, कधी हुंगत असतानाच आवाजाकडे. नाकातून जाणारी हवा तीच, बदलायचं ते फक्त अवधान. पिरिफॉर्मचा कानशिलाकडचा भाग दोन्ही वेळी सारखाच काम करत राहिला. कपाळाकडचा भाग मात्र लक्ष वासावर असताना जास्त जागा झाला. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती यापुढची गोष्ट: प्रयोगाच्या एका आराखड्यात हवा पूर्ण स्वच्छ होती, तरीही हाच फरक दिसला. इतकंच नव्हे, तर हुंगण्याआधीच, नुसत्या वाट पाहण्यानं तो भाग सरसावत होता. स्लॉसनचे श्रोते इथे आठवावेत.

2008 मध्ये थॅलॅमसचाही हिशेब लागला. वासाकडे लक्ष दिलं की पिरिफॉर्मकडून थॅलॅमसमार्गे डोळ्यांच्या खोबणीवरच्या कॉर्टेक्सकडे जाणारा दुवा बळकट होतो, असं जेन प्लायी आणि जे गॉटफ्रीड यांच्या गटाला आढळलं. म्हणजे दरवान आहे, पण तो आतल्या दालनाशी उभा आहे. 2011 मध्ये झेलानोंच्या गटानं आणखी एक पाऊल टाकलं. एखादा ठरावीक वास शोधायला सांगितला, तर तो नाकात शिरण्याआधीच त्याचा नमुना पिरिफॉर्ममध्ये तयार असतो, आणि तो जितका स्पष्ट, तितकं वास ओळखणं अचूक.

याची दुसरी बाजू आपल्या घरातली आहे. लक्ष पुरतं दुसरीकडे गुंतलं तर नाकासमोरचा वासही सुटतो. सोफी फोर्स्टर आणि चार्ल्स स्पेन्स यांनी 2018 मध्ये कॉफीचा वास असलेल्या खोलीत लोकांना पडद्यावर अक्षर शोधायला बसवलं. काम अवघड असेल तेव्हा पुष्कळांना वास जाणवलाच नाही. काम संपल्यावर विचारलं तरीही नाही, कारण तोवर नाक त्या वासाला सरावलेलं होतं. हातून निसटलेला आवाज पुन्हा कान देऊन ऐकता येतो, वासाला मात्र अशी दुसरी संधी क्वचितच मिळते. आपल्या सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळतात. ती सगळी व्यवस्था आपलं नाक मोकळं आहे असं गृहीत धरते. तासन्‌तास मोबाइलमध्ये बुडालेल्या घरात ते गृहीतक टिकत नाही. अशा घरांत, आणि वृद्ध एकटे राहतात तिथे तर नक्कीच, गॅस ओळखून भोंगा वाजवणारं यंत्र बसवावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

उलट, काळजीनं लक्ष वासावरच खिळलं तर काय होतं? पामेला डाल्टन यांनी 1996 मध्ये लोकांना वीस मिनिटं एकच वास दिला. काहींना तो आरोग्याला चांगला म्हणून सांगितला, काहींना घातक म्हणून. घातक समजणाऱ्यांचं नाक सरावलं नाही. त्यांना वास उलट वाढतच गेल्यासारखा वाटला. यावरून कचरा डेपोशेजारी राहणाऱ्यांची तक्रार मनाचा खेळ आहे, असा निष्कर्ष कुणी काढू नये. डेपो खराच आहे, आणि सततच्या काळजीनं त्या माणसांना त्या वासापासून सुटकाही मिळत नाही. हा दुहेरी जाच आहे.

शेवटी, कोविडनंतर ज्यांची वास घेण्याची क्षमता गेली किंवा अर्धवट परतली, अशांसाठी. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये मांडलेली एक साधी पद्धत आज जगभर वापरतात. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी सुमारे दहा सेकंद हुंगायचे, आणि हे निदान 12 आठवडे करायचं. कान-नाक-घसा तज्ज्ञांना आधी दाखवावं. गंधपेशी आयुष्यभर नव्यानं तयार होत असतात, त्यामुळे आशेला जागा आहे. पण टीव्ही पाहत बाटली नाकाशी धरून हे करू नका. लवंग हुंगताना लवंग आठवा. दुसऱ्या आठवड्यात काहीच येत नाही म्हणून पुष्कळजण सोडून देतात. त्यांना मी 2005 च्या प्रयोगाचा तो स्वच्छ हवेचा भाग सांगतो. तो निरोगी माणसांवर झाला होता हे खरं, तरी त्यात मेंदूला जागं व्हायला वास असावा लागला नव्हता. लक्ष देऊन हुंगणं पुरलं होतं.