तारेच्या या टोकाला



व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलावले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे. आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचे बोलणे जोडून देणारी माणसे. कान उघडा आणि तोंडाला कुलूप, ही आमची नोकरी. पण चालक म्हणाले, टेलिफोनवाल्यांचे अनुभव गावाने एकदा ऐकावेत, आणि आमचा नाइलाज झाला. आम्ही 'आम्ही' म्हणतो त्यात बोर्डावरचे ऑपरेटर, खांबावरचे लाईनमन आणि चर खणणारे मजूर असे सगळेच आले. मध्ये एखादी गोष्ट एकट्याची असेल, तर तीही याच 'आम्ही'त खपवून घ्यावी.

१९८१ साली आम्ही नोकरीला लागलो. तेव्हा डाक व तार एकाच छत्राखाली होते. १९८५ मध्ये टपाल वेगळे झाले आणि आम्ही दूरसंचारचे झालो. आज खिशातून यंत्र काढून दुबईला गेलेल्या मुलाचे तोंड पाहणाऱ्यांना ट्रंक कॉल म्हणजे काय ते सांगूनही पटत नाही. मुंबईला बोलायचे म्हणजे आधी नंबर नोंदवायचा, मग घरातल्या एकाने फोनपाशी बसून राहायचे. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि लायटनिंग कॉल अशा तीन जाती. अर्जंटला दुप्पट पैसे, लायटनिंगचे तर नाव काढतानाच माणूस खिसा चाचपी. समोर बोर्डावर भोके, हातात दोऱ्या. एक टोक या भोकात, दुसरे त्या भोकात, आणि वरच्या ठाण्याला हाका मारून घसा बसलेला. लाइन लागली की 'बोला' म्हणायचे. तीन मिनिटे झाली की 'तीन मिनिटं झाली' असे मध्ये तोंड घालायचे. बोलणे चालू आहे की तुटले, हे पाहण्यासाठी मधूनमधून कान लावावाच लागे. ऐकायचे नाही असे मनाशी म्हटले, तरी कानाला पापणी नसते.

त्यामुळे गावात कोण गेले, कोणाचे लग्न मोडले, कोणाचा मुलगा नापास झाला, हे त्या घराच्या आधी आम्हांला कळे. अशा बातम्या पोटात ठेवणे अवघड नाही, सवय होते. अवघड असते ती भावाची बातमी. कांद्याच्या भावाची.

बागलाणात उन्हाळ कांदा म्हणजे काय, ते तुम्हांला सांगायला नको. वर्षाचे लग्नकार्य, सोसायटीचे कर्ज, पोराची फी, सगळे त्या चाळीत भरलेले असते. एका संध्याकाळी एका व्यापाऱ्याला मुंबईची लाइन जोडून दिली. तीन मिनिटे झाल्याचे सांगायला कान लावला, तो पलीकडून शब्द आले, की माल तुंबला आहे, उद्यापासून भाव उतरणार, खरेदी हात राखून करा. घरी आलो तर ओट्यासमोर काकांचा ट्रॅक्टर उभा. ट्रॉली भरून झालेली, वर ताडपत्री बांधणे चाललेले. काका म्हणाले, भाव बरा आहे, सकाळी बाजारात नेतो. जेवायला बसलो तेव्हाही तेच बोलणे. आम्ही मान खाली घालून भाकरी मोडीत राहिलो.

१८८५ च्या तार कायद्यात नोकराने निरोप फोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. पण खरे सांगायचे तर त्या रात्री आठवला तो कायदा नव्हे. आठवला तो व्यापारी. त्याने पैसे मोजून लाइन मागितली होती आणि मध्ये बसलेला माणूस भिंतीसारखा असेल या विश्वासावर तो बोलला होता. आज काकांना सांगितले, तर उद्या भाऊबंदांना, परवा पैसे देईल त्याला. मग बोर्डावर बसलेला माणूस दलाल होतो.

दुसऱ्या दिवशी भाव कोसळला. काका रिकामी ट्रॉली आणि मूठभर नोटा घेऊन परतले. आठवडाभराने त्यांनी आम्हांला विहिरीपाशी गाठले आणि इतकेच विचारले, "तुले मालूम व्हतं ना रे?" आम्ही हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. त्यानंतर दोन वर्षे काका आमच्याशी बोलले नाहीत. त्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न त्या साली व्हायचे होते, ते पुढे गेले.

या गावात हे सांगताना जीभ थोडी अडखळते. देवमामलेदारांचे हे गाव. यशवंतराव महाराज इथे मामलेदार असताना १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्या लोकांसाठी मोकळा केला, अशी त्यांची ख्याती. त्याच सरकारी नोकराचे आपण मंदिर बांधले, यात्रा भरवली. खजिना उघडणाऱ्याला देव मानणाऱ्या गावात आम्ही तोंड न उघडण्याचा पगार घेतला. मार्गशीर्षात मंदिरात जातो तेव्हा हा हिशेब मनात येतो. तो अजून जुळलेला नाही. काका कदाचित म्हणतील, तो जुळायचाच नव्हता.

असो. बोर्डावरून खांबावर येऊ. लाईनमनचे शत्रू अनेक. वळवाचा पाऊस, झाडाची फांदी, तांब्याची तार कापून नेणारा चोर, आणि पुढेपुढे रस्ता खोदणारे यंत्र. मुल्हेर-साल्हेरच्या बाजूला वारा सुटला, की खांबावर पट्टा बांधून बसलेल्या माणसाला स्वतःची जोखीम कळते; खालून मात्र लोक 'काय हो, अजून लागला नाही?' म्हणून विचारतात. जमिनीखालची केबल हा आणखी निराळा संसार. एका केबलीत तारांच्या कितीतरी जोड्या. कोणती कोणत्या दुकानाची, जोड कुठल्या वळणावर, हे कागदावर असे, पण खरे असे ते लाईनमनच्या डोक्यात. पिंपळाच्या बुंध्यापासून चार पावले, असे ते नकाशे.

आणि चर खणणारा मजूर? त्याची गोष्ट तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. वर्षानुवर्षे राबणाऱ्या रोजंदारी कामगारांना नियमित कामगारापेक्षा कमी मोबदला मिळे. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यायालयाने सांगितले, की त्यांना नियमित श्रेणीच्या किमान वेतनाप्रमाणे मोबदला द्या आणि वर्षाहून अधिक सलग काम केलेल्यांना कायम करण्याची योजना आखा. १९८९ मध्ये तशी योजना आली. कुदळ मारणाऱ्याचा प्रश्न दिल्लीत न्यायमूर्तींपुढे निघाला, याचे आम्हांला फार अप्रूप वाटले होते.

मग भराभर सारे बदलले. एसटीडीच्या पिवळ्या पाट्या आल्या, बोर्डावरच्या दोऱ्या अडगळीत गेल्या. १ ऑक्टोबर २००० ला खात्याची कंपनी झाली, भारत संचार निगम. सरकारी नोकर रात्री झोपला तो सकाळी कंपनीचा नोकर होऊन उठला. २००२ मध्ये निगमचा मोबाइल आला, आणि ज्या तारेवर आमची हयात गेली ती हळूहळू घराघरांतून निघू लागली. जुलै २०१३ मध्ये तारसेवाही बंद झाली. २०१९ साली स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली, पन्नाशी गाठलेल्यांसाठी. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी देशभरातून अठ्ठ्याहत्तर हजारांवर माणसे निगममधून बाहेर पडली, म्हणजे जवळजवळ निम्मी. त्यात आम्हीही. पैसे ठरल्याप्रमाणे हिशेबाने होते, कागदही ठीक होते. पण त्या संध्याकाळी किल्ल्या देताना एकाने विचारले, "किल्ल्या दिल्या, ते डोक्यातलं कुणाच्या ताब्यात द्यायचं?" सगळे हसले. उत्तर कुणापाशी नव्हते.

पावसाळ्यात अजून कधी फोन येतो. ठेकेदाराकडचा नवा मुलगा असतो. "काका, बाजारपेठेतला जुना जोड कुठं असेल हो?" आम्ही सांगतो, पिंपळापासून चार पावले. तो म्हणतो, "इथं पिंपळ नाहीच." मग आम्ही छत्री घेतो आणि जातो.