जेवण, शतपावली आणि रक्तातली साखर
(गणेशोत्सवातील भाषण)

मंडळी, हातात प्रसादाचा द्रोण असताना आम्हां डॉक्टरांना साखरेवर बोलायला उभं केलंत, यात कार्यकारिणीचा खट्याळपणा दिसतो. असो. मोदक खात खात ऐका.

"मी सडपातळ, मला कुठला डायबिटीस?" हे आम्ही रोज ऐकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम काय, तर लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं, असं त्यांनीच गमतीनं लिहिलंय. आपण बहुतेक याज्ञिकांच्या पंगतीतले. वजनकाटा हे सांगत नाही.

जेवणातली साखर साठवायचं मोठं कोठार म्हणजे स्नायू. चालताना ते इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून जेवल्यावर शतपावली. शंभर पावलं कमीच पडतील, दहा-पंधरा मिनिटं तरी चाला. नाव पोलोग्राउंड, पण इथल्या कचेऱ्यांतून आपण दिवसभर खुर्चीला चिकटलेले! डबा संपल्यावर आवारात चकरा मारा.

आता पोहे-जिलबी. इंदूरकराला ती सोडा म्हणणं आमच्या जिभेवर येत नाही. पण पोहे निम्मे घेऊन त्यात मटार, शेंगदाणे वाढवा. जिलबी रविवारी, एकच. आणि 'गूळ चालतो' हे कुणी सांगितलं? रक्ताला गूळही साखरच. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवासाला त्याची परात रिकामी करून पथ्य होत नाही. पानावर मोदक असेल तर भात तेवढा वजा करा. आधी उसळ-कोशिंबीर, मग भात, असं जेवलात तर साखर सावकाश चढते.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्या भगिनींनी हरतालिकेचा निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा. अशा सर्वांनीच फिरायला जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. थरथर, घाम सुटला तर लगेच तोंडात टाका, तिथे पथ्य नको.

तपासणीआधी दोन दिवस गोड बंद करणारेही पुष्कळ. एचबीएवनसी गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते; या दहा दिवसांचे मोदक त्यात धरलेले असतात.